काठावरच्या चपला

मोकळा प्लॉट दाखवायचा असला तरी तो कडेला चपला काढून मगच आत जायचा. आत म्हणजे कशात, तर गाजरगवतात आणि गोखरूच्या काट्यांत. कोणी हसलं की म्हणायचा, "कोणाचं तरी घर होनार आहे ना हे. चप्पल घालून कायले जाता?"

मालेगावात प्लॉट जुळवून देणारे दलाल पुष्कळ. तुमच्याही ओळखीत एखादा असेलच. काही जण जागा दाखवायच्या आधीच हात पुढे करतात. ह्याचं तसं नव्हतं. दलाली शेकडा एक, आणि तीही खरेदी होताना. "जागा दाखवली तवाच माही दलाली झाली," तो सांगायचा. "पन मधात मागत नाही, आन मंग सोडत नाही."

तेव्हा मी शाळेत बाई होते. पहिलीच्या पोरांना बेरीज शिकवून शिकवून आपण हिशेबात फार हुशार आहोत, अशी माझी समजूत झाली होती. त्याने मला सहा प्लॉट दाखवले, सहाही ठिकाणी माझ्या चपला काढायला लावल्या. सातवा प्लॉट कडुनिंबाचा. बघताक्षणी मनात भरला. मी तोंड वाकडं केलं. "नाही जमायचं, भाऊ."

तो निंबाकडे पाहत म्हणाला, "बरं, बाई. झाड तं चांगलं हाये."

पंधरा दिवसांनी मी शेजारच्या किराणा दुकानातून मालकाचा पत्ता काढला. धनज गावचे एक म्हातारे शेतकरी. त्यांना परस्पर गाठलं, जणू पहिल्यांदाच बघतेय अशी त्यांच्याबरोबर प्लॉट फिरले आणि इसार देऊन मोकळी झाले. वाचलेल्या दलालीची साडी मनातल्या मनात नेसूनही झाली.

खरेदीच्या दिवशी नोंदणी कार्यालयात आमचा नंबर आला. आजोबांनी पेन हातात घेतलं आणि विचारलं, "दलाल कुठी हाये?"

"दलाल कसला, आबाजी? मीच शोधला प्लॉट."

"मंग त्या दिवशी तुमी कडेले चपला काहून काढल्या?"

नवरा पंख्याकडे बघू लागला.

"मालेगावात चपला काढाले एकच मानूस शिकवते," आजोबांनी पेन खाली ठेवलं. "त्यानं गिऱ्हाईक आणलं. त्याची दलाली बुडवून मी सही करत नाही. इसार वापस घेऊन जा."

आमची सगळी शिल्लक त्या प्लॉटसाठी काढलेली. स्वयंपाकघर निंबाच्या बाजूला, हेही मी ठरवून टाकलेलं. नवरा मोटारसायकल काढून धावला आणि त्याला घेऊन आला. कार्यालयाच्या दाराशीही त्याने चपला काढल्या.

"चुकलं, भाऊ," मी म्हटलं.

"चुकलं कुठी, बाई? चपला तं बराबर काढल्या तुमी."

त्याने ठरलेली दलाली पूर्ण घेतली. लाजेखातर मी शंभर रुपये जास्त दिले, ते त्याने परत केले. आजोबांनी सही केली. मग दलालीतूनच त्याने साऱ्या कार्यालयाला पेढे वाटले, मला दोन.

पुढे शाळेतल्या सगळ्या बायांना मी त्याच्याकडेच पाठवलं. चपला काढा, हेही आधीच बजावून.

तो जाऊन आता दोन वर्षं झाली. परवा नातीसाठी प्लॉट बघायला इंझोरीच्या रस्त्याला गेलो. नवा एजंट, पोट सुटलेला, चकचकीत बूट. मी कडेला चपला काढल्या. नातीनेही काढल्या; तिला सांगावं लागत नाही.

"आजी, काटे हायेत," एजंट म्हणाला.

"असू द्या. जागा तुम्ही दाखवली, दलाली तुमची पक्की. पण आधी बूट काढा."

"काहून?"

"कोणाचं तरी घर होनार आहे ना हे."

तो वाकला. नाड्या सुटायला बराच वेळ लागला. तोवर आम्ही दोघी गोखरू चुकवत, मालकिणींसारख्या, प्लॉटच्या मधोमध उभ्या होतो.