चार वर्षांपूर्वी हरवलेलं जाळं आजही मासे पकडत होतं

मित्रांनो, दुपारपासून घरी बसलोय, पण अंगावरचा शहारा जात नाही.

सकाळी बंदरावर एका होडीच्या इंजिनाच्या पंख्यात जुनं जाळं अडकलं. सोडवायला मला बोलावलं. जाळी दुरुस्त करणं हेच माझं काम; ते मला कुणी शिकवलं नाही, उसवून उसवून मीच शिकलो.

जाळं वर घेतलं. त्यात माशांचे नुसते सांगाडे, आणि त्यांच्यामध्ये जिवंत कुर्ल्या नांग्या हलवत होत्या. नायलॉन हलकं, मजबूत आणि खाऱ्या पाण्यात न कुजणारं. म्हणून तर आपण सुती जाळी सोडली. ओढणारा नसला तरी ते पकडतच राहतं.

मग एका ठिगळावर माझी गाठ दिसली. शेवटी उलटा वेढा मीच देतो, दुसरं कुणी देत नाही. जाळं दिलीपचं होतं. चार वर्षांपूर्वी तो एकटाच होडी घेऊन गेला, तो परत आलाच नाही.

"दिलीप्या अजून धंद्यावर हाय म्हणायचा!" एक खलाशी हसला. दुसरं कुणी हसलं नाही.

दिलीपचा भाऊ सुरेश तिथेच उभा होता. त्याने मला विचारलं, "भाऊ, वहिनी अजून कुंकू लावते. तिला काय सांगू?"

जाळं होडीला बांधतात त्या दोराचं टोक मी पाहिलं. ताणून तुटलेला दोर पिंजारतो. हा सुरीने सरळ कापलेला होता. म्हणजे जाळं कुठेतरी अडकून होडी ओढू लागलं, तेव्हा ती वाचवायला दिलीपनेच ते कापून सोडलं असावं. तोवर तो जिवंत होता.

सुरेशला मी अजून हे बोललो नाही. एवढ्याशा टोकावर वहिनी आणखी किती वर्षं वाट बघेल? माझ्या जागी तुम्ही असता, तर सांगितलं असतं का?