जिनिंगच्या आवारातली फायनल

माझ्या सासऱ्यांना देवळात चला म्हटलं की त्यांचे गुडघे दुखायचे, आणि कुठे फुटबॉलची मॅच आहे म्हटलं की ते माझ्याआधी स्कूटीपाशी उभे. गळ्यात मफलर, खिशात फुटाणे. नवऱ्याला त्या खेळाचा कंटाळा, म्हणून ही ड्यूटी माझ्या गळ्यात पडली. सुरुवातीला मी भरपूर कुरकुरले. आठवड्यात रविवार एकच, आणि तोही राजापेठेच्या गर्दीतून वाट काढत, सासऱ्यांना मागे बसवून, बावीस माणसं एका बॉलमागे पळताना बघण्यात घालवायचा! पण एका हिवाळ्यातच मला चटक लागली. शेजारणी विचारायच्या, "काहून वं, सासऱ्याले घेऊन कुठी चालली?" मी म्हणायची, "मॅच पाहाले." त्यांना वाटायचं, ही काहीतरी लपवून राहिली.

आमच्याकडच्या मैदानांना मैदान म्हणायलाही मन मोठं लागतं. चांदूर रेल्वेला आम्ही जायचो ते अगदी रुळांना लागून. गाडी आली की गोलकीपरसुद्धा मान वळवून गाडी पाहायचा, आणि एकदा नेमका तेवढ्यात गोल झाला. तो धरायचा की नाही यावर इतकी हुज्जत झाली की पुढची गाडी आली. अकोल्यात एका मैदानावर रेषेच्या आतच कडुलिंब उभा. बॉल झाडाला लागला तर खेळ चालू, फांदीत अडकला तर जो चढून काढेल त्याच्या टीमचा थ्रो. हा नियम कुठल्या पुस्तकात आहे कोण जाणे, पण अकोल्यात त्यावर कोणी वाद घालत नाही. आणि सगळीकडे आपली काळी माती. हिवाळा सरत आला की तिला अशा भेगा पडायच्या की पेनल्टीला ठेवलेला बॉल खाली बसायचा आणि मारणारा पोरगा आधी त्याला उकरून काढायचा.

बहुतेक मॅचना रेफरी एकच. त्यांचं गाद्या भरायचं दुकान होतं, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. शिट्टीच्या दोरीला कायम कापूस चिकटलेला. एकदा मी ऑफसाइडवरून त्यांच्याशी भांडले, तर मामाजींना म्हणाले, "आपकी बहू को ऑफसाइड समझता है, मेरे लाइनमन को नई समझता." मामाजींनी ही गोष्ट घरी इतक्यांदा सांगितली की नवरा वैतागला. मामाजी म्हणजे माझे सासरे, आमच्याकडे तसंच म्हणतात.

मामाजींचं गाव धामणगाव रेल्वे. तरुणपणी ते तिथल्या टीमचे गोलकीपर होते. एकदा टीम फायनलला गेली आणि शेवटी शेवटी बॉल त्यांच्या पायांमधून आत गेला. त्यानंतर टीमला कप कधी मिळालाच नाही. गावातली जुनी मंडळी भेटली की अजून विचारायची, "काय मग, पाय जवळ ठेवून उभे राहता ना आता?" मामाजी हसायचे, पण परतताना एसटीत खिशातले फुटाणे तसेच राहायचे. एकदा मला म्हणाले, "बाई, मले बाकी काही नाही पायजे. एक डाव कप आपल्या गावाले येताना पाहाचा हाय." म्हाताऱ्या माणसाची इच्छा म्हणजे काशी, रामेश्वर असेल असं मला वाटायचं. आमच्याकडे ही.

तिथली टूर्नामेंट एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात व्हायची. मालक बिचारा भला, म्हणायचा, कापूस येईस्तोवर खेळा. फाटकावर वॉचमन. आत येणाऱ्या प्रत्येकाला तो विडी विझवायला लावायचा, मग मॅच असो की लग्न. त्यामुळे मोठी गंमत व्हायची. पीक चांगलं आलं की दिवाळीनंतर आवारात कापसाच्या गंज्या लागायच्या आणि टूर्नामेंट अर्ध्यातच बारगळायची. पीक बुडालं की आवार मोकळं, फायनल थाटात. कापूस आणि फुटबॉल म्हणजे एका घरात नांदणाऱ्या सवती.

ते दिवस वऱ्हाडात चांगले नव्हते. सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची. गावाकडून फोन आला की मामाजी आधी समोरच्याचा आवाज कसा आहे ते ऐकायचे, मग बोलायचे. लागोपाठ काही वर्षं आवार मोकळंच होतं, टूर्नामेंट अगदी नियमित झाली, आणि आम्ही ती बघायला गेलो. खोटं कशाला बोलू, मला मजाही यायची.

मग एक साल असं आलं की पाऊस वेळेवर पडला, बोंडं नीट फुटली, आणि त्याच साली मामाजींची टीम फायनलला गेली. समोर अकोल्याची टीम. मालकाने रविवार संध्याकाळपर्यंत आवार दिलं. मामाजींना मधोमध खुर्ची, गळ्यात हार. पहिल्या अर्ध्यातच धामणगावने गोल मारला. मामाजींनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली.

पण फाटकाबाहेर बैलबंड्या यायला लागल्या होत्या. कापसाने भरलेल्या, एकामागे एक, पार रस्त्यापर्यंत. वॉचमनने त्यांना थोपवून धरलं होतं, मॅच संपू द्या म्हणून. आणि मध्यंतरानंतर आभाळ भरून आलं. नको त्या वेळी येतं तसलं. बंडीवाले वर बघायला लागले. मैदानातली पोरंही बॉल सोडून वर बघायला लागली, कारण बाहेरच्या कितीतरी बंड्या त्यांच्याच घरच्या होत्या. आयोजक म्हणत होते, थोडा वेळ राहिला, एवढं होऊन जाऊ द्या. कुणालाच काही ठरवता येईना.

मामाजी उठले. हार काढून खुर्चीवर ठेवला. गुडघेदुखीचा माणूस तरातरा फाटकाशी गेला आणि वॉचमनला म्हणाला, "खोल. कापूस आत घे."

मी मागे धावले. "मामाजी, थोडंसंच राहिलं ना, आपण जिंकून राहिलो."

"जिंकाले साल पडले हायेत," ते म्हणाले. "वल्ला कापूस कोण घेईन?"

फाटक उघडलं आणि बंड्या थेट मैदानात. चाचांनी लांब शिट्टी वाजवली, ती मॅच संपल्याची की बैलांना वाट द्या म्हणून, ते कळलं नाही. आमचा गोलकीपर गोल सोडून बापाच्या बंडीकडे पळाला. अकोल्याची पोरं आधी रागावली, मग तीही शेडमध्ये कापूस वाहू लागली. थोड्या वेळाने कोण कुठल्या टीमचं ते ओळखू येईना, सगळे पांढरे. चाचा मूठभर कापूस हातात घेऊन त्याचे तंतू ओढून बघत होते. सगळं आत गेल्यावर पाऊस आला, अगदी चार थेंब. माझा संताप संताप झाला. "चार थेंबांसाठी फायनल घालवली तुमी," मी म्हटलं. मामाजी निवांत फुटाणे खात होते. म्हणाले, "मोजून थोडीच येते तो." गंज्यांकडे बघून त्यांच्या चेहऱ्यावर जी खुशी होती, ती गोल झाला तेव्हाही नव्हती. फायनल अर्धवटच राहिली, आणि कप वर्षभर चाचांच्या दुकानात गाद्यांवर पडून राहिला.

पुढच्या साली पाऊस मधेच गेला, जो कापूस राहिला त्यावर अळी पडली. टूर्नामेंट वेळेवर सुरू झाली आणि वेळेवर संपत आली. फायनलला पुन्हा तीच दोन गावं. आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा वॉचमन एका म्हाताऱ्याला विडी विझवायला सांगत होता. म्हातारा म्हणाला, "आत कापूस कुठी हाय?" वॉचमन म्हणाला, "नाही. पण विझवा." म्हाताऱ्याने विझवली.

धामणगावने तीन गोल मारले. एकही खाल्ला नाही. पोरांनी मामाजींना खांद्यावर घेतलं, चाचांनी गादीचा कापूस झटकून कप त्यांच्या हातात दिला. ढोल वाजत होता. मीही नाचले, लाज सोडून. मग मामाजींना खाली उतरवलं आणि ते कप छातीशी धरून नुसते उभे राहिले. मला वाटलं, आता जुना किस्सा सांगतील, पायांचा. ते शेडकडे बघत होते, मग भिंतीकडे, मग पुन्हा शेडकडे. गेल्या साली गंज्या होत्या तिथे सगळं झाडून ठेवल्यासारखं रिकामं.

"बाई," ते म्हणाले, "हे मैदान एवढं मोठं हाय काय?"

मी हो म्हटलं. त्यांनी कप माझ्याकडे दिला आणि मफलरने डोळे पुसले.