पासवर्ड बदलला, तरी मेल फुटतच होता

“पर्स इथे टेबलावर रिकामी करा,” दातारसाहेब म्हणाले.

रेखा म्हात्रेने पर्स उलटी केली. रुमाल, रेल्वेचा पास, कंगवा, डब्याचा चमचा. फ्लॉपी नव्हती. फ्लॉपी शोधायची अक्कल माझी. तेव्हा कॉम्प्युटरमधलं काही चोरून न्यायचं तर फ्लॉपीवर न्यावं लागायचं, आणि फ्लॉपी पर्समध्ये सहज मावते, असं मीच साहेबांना म्हटलं होतं.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करायचो. राहायला डोंबिवलीत, पण ठाण्यातली बरीच ऑफिसं माझ्याकडे मेन्टेनन्सला होती. नव्वदचं दशक संपत आलेलं. ऑफिसांत इंटरनेट नुकतंच शिरलं होतं आणि माझ्यासकट कोणाचाच त्यावर विश्वास नव्हता. मोडेम म्हणजे फोनच्या वायरीतून कॉम्प्युटरला बोलायला लावणारा डबा. तो किंचाळायला लागला की खोलीतली माणसं आपोआप हळू बोलायची. पलीकडून कोणी ऐकत असलं तर? नेटवरून बँकेचे कागद चोरतात, घरातलं बोलणं ऐकतात, असं काय काय लोक सांगायचे. मीही ते मीठमसाला लावून पुढे सांगायचो. धंद्याला बरं असायचं.

दातारांचं ऑफिस नौपाड्यात होतं आणि कारखाना वागळे इस्टेटीत. पंपाला लागणारे सील बनवायचे. ई-मेल घेतल्यापासून त्यांना बाहेरगावच्या कंपन्यांच्या एन्क्वायरी येऊ लागल्या. आणि लगेच हे दुखणं सुरू झालं. एन्क्वायरी आली की थोड्याच दिवसांत त्या गिऱ्हाइकाला ठाण्यातल्याच दुसऱ्या सीलवाल्याचा, शेट्यांचा, फोन जायचा. दरवेळी नाही, पण योगायोग म्हणावा त्याहून जास्त वेळा.

दातारांना स्क्रीनवर वाचलेलं खरं वाटत नसे. त्यामुळे मेल उघडायचं काम ऑपरेटर रेखाचं. ती दोन प्रिंट काढायची, एक फाइलला आणि एक साहेबांच्या टेबलावर. पासवर्ड त्या दोघांनाच माहीत.

मी जिन्याखालचा टेलिफोनचा बॉक्स उघडून पाहिला. कोणी चोरून पॅरलल लाइन, म्हणजे जोडीची दुसरी वायर, ओढली नव्हती. मशीनमध्ये व्हायरस शोधला. तोही नव्हता.

“मग माणूसच उरतो,” मी म्हणालो.

हे वाक्य मी गिळलं असतं तर बरं झालं असतं.

“सर, मी काय केलेलं असतं तर अशी उभी राहिली असती का इथे?” रेखा पर्स भरता भरता म्हणाली. तिचा आवाज चढला होता. ती कोपरीत राहायची. घरी तिच्या लग्नाची बोलणी चालली होती. ‘चोरी केली म्हणून काढली’ ही बातमी कोपरीत पोचली असती तर बोलणी तिथेच संपली असती.

साहेबांनी तिला कारखान्यात पॅकिंगला पाठवलं आणि महिनाअखेरीला राजीनामा द्यायला सांगितलं. मी पासवर्ड बदलला आणि साहेबांना मेल उघडून प्रिंट काढायला शिकवलं.

पंधरा दिवसांत आणखी एक एन्क्वायरी फुटली.

दातारांनी मला बोलावून दार लावून घेतलं.

“साळवी, नवा पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे?”

“तुम्हाला आणि मला.”

“मी तर कोणाला सांगितलेला नाही.”

त्यांनी नेहमीचा चहाही मागवला नाही. मला संताप आला. इतकी वर्षं यांची मशीनं सांभाळली आणि हे बक्षीस? रेखाला त्या दिवशी काय वाटलं असेल, हे मात्र तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही.

मी सापळा लावला. डोंबिवलीत स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत बसून फुकटातलं एक ई-मेल अकाउंट उघडलं, कोइमतूरची एक कंपनी मनानेच तयार केली आणि दातारांना एन्क्वायरी धाडली. ‘आमच्या इकडच्या माणसाशी बोला’ म्हणून विठ्ठलवाडीला राहणाऱ्या माझ्या मेव्हण्याचा फोन नंबर दिला. दरवेळी मेल फुटत नसे, म्हणून तोच मजकूर स्मरणपत्र म्हणून आणखी दोनदा पाठवला. साहेबांना यातलं काही सांगितलं नाही. आता माझाही त्यांच्यावर संशय होता.

आठव्या दिवशी मेव्हण्याचा फोन आला. “भाऊजी, तुम्ही बोललेले तसा फोन आलेला. पण दातार नाय, कोण तरी शेट्ये होता. सील पाहिजेत का विचारत होता.”

मी तडक नौपाडा गाठला आणि दातारांना सगळं सांगितलं. आधी ते भडकले, मग ऐकू लागले.

“कोइमतूरच्या मेलच्या प्रिंट कोणी काढल्या?”

“मीच. स्वतः.”

“कुठे आहेत?”

“फाइलची फाइलला. माझ्या वाचून झाल्यावर मी खणात टाकल्या.”

खण उघडला. आत पंचिंग मशीन आणि दोन टाचण्या.

“कागद कुठे गेले, साहेब?”

“पाठकोरे होते ना, घरी नेले,” दातार म्हणाले. “हिच्या क्लासला लागतात.”

एका बाजूने कोरा कागद टाकायचा नाही, हे आमच्या घरांत न सांगताच शिकवलेलं असतं. माझं सगळं गणित मीही पाठकोऱ्या कागदांवरच केलंय. त्यामुळे मला ते ऐकून हसूही आलं नाही.

दातारांचं घर पाच मिनिटांवर. वहिनी नववी-दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायच्या. टेबलावर तपासलेल्या चाचण्यांचा गठ्ठा होता. मी एकेक कागद उलटत गेलो. एका कागदाच्या पुढे त्रिकोणाच्या कोनांची बेरीज, लाल शाईत मार्क आणि खाली पालकांची सही. मागे माझी कोइमतूरची कंपनी, मेव्हण्याच्या नंबरसकट. सही शेट्यांची होती.

“शेट्यांची मुलगी येते क्लासला?” दातारांनी विचारलं.

“येते की. हुशार आहे हो,” वहिनी म्हणाल्या. “मी चाचणी घरी पाठवतेच, सही आणल्याशिवाय बसू देत नाही कोणाला. पण तिच्या वडिलांइतकं कोणी लक्ष घालत नाही. पेपर उलटसुलट करून बघतात म्हणे.”

दातारांनी तो कागद पुन्हा उलटून पाहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. फक्त वळशात एका मुलीचं नाव खराब झालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रेखाला ऑफिसात बोलावलं. मीही होतो.

“झालं गेलं विसर. उद्यापासून इथेच ये,” साहेब म्हणाले.

रेखा बसली नाही. ती माझ्याकडे वळली. “सर, वायर बघितली, मशीन खोललं, माझी पर्स खोलायला लावली. एकदा विचारायचं ना मला, प्रिंटचं पुढे काय होतं? ते कागद पिशवीत भरून साहेबांच्या हातात मीच द्यायची.”

मला लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

तिला ती नोकरी नकोच होती. तिला लेटरहेडवर पत्र हवं होतं. ऑपरेटर कोणी नव्हती, म्हणून मीच टाइप करायला बसलो. ‘कु. रेखा म्हात्रे यांनी स्वेच्छेने नोकरी सोडली असून त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही.’

ती मागून वाचत होती. “संशय घेतलेला आणि तो खोटा निघाला, ते पण टाका.”

मी टाकलं. साहेबांनी सही केली. तिने कागद उचलला, पाहिला आणि माझ्यापुढे सरकवला.

“तुमची पण.”

मी सही केली.

त्यानंतरही मी बरीच वर्षं मशीनं दुरुस्त केली. नेटवर माझा आजही भरवसा नाही. पण कुठेही गेलो तरी स्क्रूड्रायव्हर नंतर काढायचो. आधी त्या मशीनवर रोज बसणाऱ्या माणसाला विचारायचो. निम्म्या वेळा त्याला बिघाड माहीत असायचा. त्याला कोणी विचारलेलं नसायचं, एवढंच.