शाई न लागलेला अंगठा

"अम्मा, अंगूठेवालों को ऑनलाइन नई रहता."

काउंटरवरच्या माणसाने हे मान वर न करता सांगितलं. आदिलाबादची बँक, सोमवार, भरगच्च गर्दी. माझ्या हातात अर्ज होता. इंग्रजीत, स्वतः लिहिलेला, समास सोडून, विषयाखाली रेघ मारून. तो त्याने वाचला नाही. माझा खाते क्रमांक संगणकात घातला, पडद्यावर काहीतरी पाहिलं आणि अर्ज परत सरकवला. सोबत शाईचा पॅड.

"किसने लिख के दिया ये? इस पे अंगूठा लगाओ. अगली बार घर से किसी पढ़े-लिखे को साथ लाओ."

मागे कोणीतरी हसलं. फार नाही. थोडंसंच.

माझ्या उजव्या हातात पेन होतं. टोपण काढलेलं.

चौतीस वर्षं मी सरकारी शाळांत इंग्रजी शिकवलं. आधी इंद्रवेल्लीला, मग बाजारहत्नूरला, शेवटी तामसीला. त्या दिवशी काउंटरसमोर मला एक वाक्य सुचलं नाही. कुठल्याच भाषेत. अर्जाची घडी घातली, पिशवीत ठेवला आणि बसस्टँडवर येऊन बसले. पेनाचं टोपण लावायचं राहून गेलं होतं. घरी आल्यावर पाहिलं, पिशवीच्या अस्तरावर शाईचा डाग पडला होता.

नातवंडांनो, हे मी तुम्हाला इंग्रजीत लिहू शकले असते. तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. पण जे लागलं ते आपल्या भाषेत लागलं. बाबांकडून वाचून घ्या. सगळं क्रमाने सांगते.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं हे तुम्हाला माहीत आहे. दुसरा डोळा आता बारीक अक्षराला साथ देत नाही. डॉक्टर म्हणाले, भिंग लावलेला टेबल-लॅम्प घ्या, वाचता येईल. आदिलाबादच्या दुकानांत नव्हता. मोबाइलवर सापडला. पांढरा, वाकवता येणारा, भिंगाभोवती दिव्याची कडी. मी तो निवडला, पत्ता भरला, कार्डाचा क्रमांक घातला, मागचे तीन आकडे घातले.

पेमेंट नाकारलं.

पुन्हा क्रमांक तपासला. एकेका आकड्यावर बोट ठेवून. पुन्हा नाकारलं. तिसऱ्यांदाही तेच. कारण नाही. फक्त, आपल्या बँकेशी संपर्क साधा. कार्डात ऑनलाइन खरेदी सुरू करून घ्यावी लागते असं कळलं, म्हणून बँकेचं अॅप उघडलं. तिथे लिहून आलं, ही सोय तुमच्या खात्याला नाही.

मला वाटलं, चूक माझीच असेल. आपल्या माणसांना पहिल्यांदा हेच वाटतं.

तुमच्या बाबांना फोन केला. ते हसले. "आई, दोन मिनिटांचं काम आहे. मी इथून माझ्या कार्डावर मागवतो. परवा तुझ्या दारात."

"नको," म्हटलं. "पेन्शन माझी, डोळा माझा. दिवा मीच घेईन."

"तू पण ना, आई!"

म्हणून मी सोमवारी बँकेत गेले. आणि तिथे जे झालं ते वर लिहिलंच आहे.

परतीच्या बसमध्ये एकच प्रश्न होता. मी अंगठेवाली झाले कधी?

हे खातं मी सहीने उघडलं होतं. पहिला पगार त्यात आला तेव्हापासून माझी सही एका वळणाची आहे, कधी बदलली नाही. मग आठवलं. पंचायतीच्या ओट्यावरचा कॅम्प.

ऑपरेशनला चारच दिवस झाले होते. डोळ्यावर हिरवी पट्टी. बँकेचा माणूस गावात येणार, केवायसी करा, नाहीतर पैसे अडतील, अशी दवंडी झाली. बँकेचा माणूस म्हणजे आपल्याच गावातला, पटेलांच्या घरातला. पस्तिशीचा असेल. शिकला आदिलाबादच्या खाजगी शाळेत, त्यामुळे माझ्या हाताखाली कधी आला नाही. टेबल, लॅपटॉप आणि अंगठ्याचं ते छोटं मशीन. आमच्या आळीतल्या बाया रांगेत होत्या. त्यांनी मला पुढे केलं. बाईंना उन्हात उभं नका करू, म्हणाल्या.

"घर कोन्या आळीत, आजी?"

"विहाराजवळ."

"बरं बरं. डोळ्याचं आपरेशन झालं वाटते? राहू द्या, मी भरतो सगळं. तुमी फक्त अंगठा ठेवा."

आवाज गोड होता. मी अंगठा ठेवला. आधारला सगळेच ठेवतात. मंत्रीही ठेवत असतील. हिरवा दिवा लागला, मशीन किणकिणलं, झालं. पडद्यावर तो काय भरतोय हे मला दिसत नव्हतं. वाचून दाखव, असं मी म्हटलं नाही.

जात त्याने विचारली नाही. आळी विचारली. बाकी सगळं त्याने स्वतःच भरलं. शिक्षण: नाही. सही: अंगठा.

माझी आई याच पटेलांच्या शेतात कापूस वेचायची. पटेलांच्या ओसरीवर, रेशनच्या दुकानात, तहसीलच्या कचेरीत, जिथे कागद यायचा तिथे आईचा अंगठा धरून दाबला जायचा. ती कधी स्वतः दाबत नसे. कोणीतरी तिचं मनगट धरायचं. घरी येताना ती तो अंगठा केसांना पुसायची. पदराला नाही, पदर धुवावा लागतो. केस आधीच काळे. मी तिच्यासोबत चालायचे आणि वर बघायचे. कानाच्या वर, एका ठिकाणी, तिचे केस निळसर दिसायचे. मला वाटायचं, सगळ्यांच्या आयांचे असतात.

आदिलाबादच्या वसतिगृहात गेले तेव्हा पहिल्यांदा कळलं की नसतात. एका मुलीची आई भेटायला आली होती. तिने वॉर्डनच्या वहीत सही केली. मी तिचे केस बघत उभी राहिले.

त्या मशीनने माझ्या अंगठ्याला शाई लावली नाही. लागली असती तर मला तिथल्या तिथे कळलं असतं. मी हात मागे घेतला असता. असं मी बसमध्ये स्वतःला सांगत होते.

संध्याकाळी शेवंताकडे गेले. शेवंता आमच्या शेजारची. विहाराच्या फरशीवर मी दोन उन्हाळे आळीतल्या बायकांना लिहायला शिकवलं होतं, त्यांत ती सगळ्यांत मागची आणि सगळ्यांत हट्टी. 'शे'ची मात्रा तिला महिनाभर जमत नव्हती. आता ती सही करते तेव्हा ती मात्रा एवढी मोठी काढते की वरच्या ओळीत घुसते. मी तिचं पासबुक मागितलं. कॅम्पनंतर छापलेल्या पानावर सहीच्या जागी 'अंगठा'. मग पाच घरं फिरले. कुठे सही नाही. माझ्यासकट सही येणाऱ्या अकरा बाया, अकराही अंगठे.

"शेवंता, तुला सही येते. सांगितलं काऊन नाही त्याला?"

"सांगतलं ना! म्हनलं, बापू, मले सही येते. तं म्हने टाइम नाही मावशी, अंगठा लावा, मागं रांग हाय."

"आणि तू लावला?"

ती भांडी घासत होती. थांबली. माझ्याकडे वळून बघितलं.

"लावला. तुमीबी तं मायासमोरच लावला, बाई. मी म्हनलं, एवढी शिकेल बाई मुकाट्यानं लावून राह्यली, तं मी कोन लागून गेली?"

मागून तिची जाऊ म्हणाली, "बाईनं लावला म्हनून आमी समद्यायनं लावला."

काउंटरवरच्या माणसाचं बोलणं मला इतकं लागलं नव्हतं. मी घरी आले. भात शिजवला. जेवले नाही. त्या माणसाने मला अडाणी म्हटलं ते खोटं होतं. शेवंता बोलली ते खरं होतं. रांगेत मला पुढे केलं ते ऊन लागू नये म्हणून नव्हतं. पुढे राहून बाई काय करते ते त्या बघत होत्या. आणि मी डोळ्यावर पट्टी आहे म्हणून गप्प बसले. तोंडावर तर पट्टी नव्हती ना.

दुसऱ्या दिवशी मी पटेलांच्या त्या माणसाला पंचायतीपाशी गाठलं.

"तुम्ही मला विचारलं नाही, सही येते का म्हणून."

तो ओशाळला नाही. हसला. "काय फरक पडते, आजी? पैसे तं भेटून राह्यले ना? तुमच्या आळीचं समद्यायचं सारकंच भरलं. एकएकाले विचारत बसलो असतो तं दिवस गेला असता."

"वरच्या आळीतल्या बायकांना विचारलं?"

तो मोबाइल काढून बघू लागला. "त्यायचं त्यायनं सांगतलं."

"शेवंतानेही सांगितलं होतं."

"कोन शेवंता?" तो म्हणाला.

त्या आठवड्यात मी पुन्हा बँकेत गेले. या वेळी काउंटरला नाही. थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये. मॅनेजर एक बाई होत्या, तेलुगू, चाळिशीच्या आसपास, बोलायला नम्र. मी इंग्रजीत बोलले. त्यांचा चेहरा दुसऱ्याच वाक्याला बदलला. खुर्ची दिली. चहा मागवला. शिक्षिका होते म्हटल्यावर त्यांना फारच वाईट वाटलं.

"मॅडम, तुम्ही आधीच सांगायला हवं होतं," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "पाच मिनिटांत करून देते. ऑनलाइन आजच सुरू होईल."

त्यांनी सहीचं कार्ड पुढे ठेवलं. कोरा चौकोन. मी पेनाचं टोपण काढलं.

मुलांनो, त्या चौकोनात सही केली असती तर माझा दिवा दोन दिवसांत आला असता. ही गोष्टही तिथेच संपली असती आणि मी ती तुम्हाला मजेने सांगितली असती.

मी विचारलं, "आमच्या आळीत अजून दहा बायका आहेत. त्यांनाही सही येते. मी शिकवलंय."

त्या हसल्या. वाईट नव्हतं त्यांचं हसणं. "त्यांचं बघू हळूहळू. त्यांना कुठे ऑनलाइन खरेदी करायची आहे? तुमचं वेगळं आहे, मॅडम."

तुमचं वेगळं आहे.

हे मी जन्मभर ऐकत आले. वसतिगृहात ऐकलं, स्टाफरूममध्ये ऐकलं. तुम्ही त्यांच्यातल्या वाटतच नाही. प्रत्येक वेळी आतून थोडी सुखावले, खोटं कशाला बोलू. या वाक्यामुळे मला खुर्ची मिळाली, चहा मिळाला, आणि दर वेळी बदल्यात मी गप्प बसले. समोर कोरा चौकोन होता आणि मला आईचे कानावरचे निळसर केस दिसत होते. तिचं वेगळं नव्हतं. ती सगळ्यांसारखीच होती.

मी टोपण लावलं.

"आधी त्यांचं," म्हटलं. "माझं शेवटी."

"मॅडम, तसा नियम नाही. तुमचं आज होतंय तर का नको?"

"ज्याने माझं चुकीचं भरलं त्याने एकटीचं भरलं नव्हतं. दुरुस्तीही एकटीची नको."

त्यांचा आवाज थोडा कोरडा झाला. प्रत्येकीला स्वतः यावं लागेल. आधार, पासबुक, फोटो. एका दिवशी एखादीचंच होईल. माणूस कमी आहे. मी सगळं वहीत लिहून घेतलं, त्यांच्यासमोर, एकाखाली एक. चहा तसाच राहिला.

घरी येऊन अर्ज लिहिला. एक मजकूर, खाली अकरा सह्या. विहाराच्या फरशीवर बसून केल्या. दोघींना फार वेळ लागला, तरी कोणी कोणाचं मनगट धरलं नाही. शेवंताची मात्रा पुन्हा वरच्या ओळीत घुसली. मी दुरुस्त केली नाही. तो अर्ज घेऊन परवा गेले. काउंटरवर तोच माणूस.

"रख के जाओ, अम्मा."

"शिक्का द्या," मी म्हटलं. "या प्रतीवर. आजची तारीख घालून."

"बाद में आओ."

"उभी आहे मी."

उभी राहिले. मागची रांग वाढली, कोणी बोललं, कोणी हसलं. या वेळी मी वळून बघितलं. जेवणाच्या सुट्टीआधी त्याने शिक्का मारला. त्या आधी त्याला अर्ज वाचावा लागला. त्याचे ओठ हलत होते.

यात काही जिंकलेलं नाही. काल पुन्हा कार्ड घालून पाहिलं. पेमेंट नाकारलं. मॅनेजरबाईंचं उत्तर आलेलं नाही. पटेलांचा माणूस गावात सांगत फिरतो की म्हातारीमुळे समद्यायचे पैसे अटकतील, आणि आळीतल्या दोघी त्याने घाबरल्याही आहेत. त्या म्हणतात, जाऊ द्या बाई, अंगठाच बरा. त्यांच्यावर मी रागावले नाही. त्यांच्यासमोर पहिला अंगठा मीच लावला होता.

सोमवारी सकाळच्या बसने शेवंता आणि मी आदिलाबादला जाणार आहोत. तिची सही त्या चौकोनात पडल्याशिवाय आम्ही काउंटर सोडणार नाही. तिच्यानंतर तिची जाऊ. त्यानंतर पुढची. सगळ्या गेल्या तर सगळ्यांचीच मजुरी बुडेल, म्हणून एका सोमवारी एकच. ज्या दोघी घाबरल्या आहेत त्यांच्यासाठी मी थांबेन. कितीही सोमवार लागोत.

तुमचे बाबा कालही म्हणाले, दिवा मी पाठवतो. पाठवू नका. आला तर मी दारातूनच परत करीन. हे पत्र मी एका डोळ्याने, खिडकीच्या उजेडात लिहिलंय, अक्षर वाकडं झालं असेल. दिवा माझ्या कार्डावर, माझ्या सहीने येईल, आणि माझी सही अकरावी असेल.