चिंचणीची कमान

नाशिकहून पालघरला निघालो तेव्हा आमच्या जीपच्या टपावर चार सायकली होत्या आणि आत चार माणसं. सायकलींना गोधड्या पांघरल्या होत्या, माणसांना नव्हत्या. त्र्यंबक मागे पडलं, जव्हारच्या वळणांवर थंडी बोचायला लागली, तेव्हा वर्षाताईंनी एक गोधडी खाली घेऊ का, असं भीतभीत विचारलं.

"कार्बनची फ्रेम आहे ती," आमचे कॅप्टन डॉक्टर खांबेटे म्हणाले. "तिला ओरखडा गेला तर भरून येत नाही." आम्ही कुडकुडत राहिलो.

डॉक्टर दंतवैद्य. संघाच्या जर्सी त्यांनीच शिवून दिल्या, म्हणून आमच्या प्रत्येकाच्या पाठीवर एक भली मोठी पांढरी दाढ आहे. वर्षाताईंचं साड्यांना फॉल-बिडिंग करून देण्याचं दुकान आहे आणि त्या आम्हा सगळ्यांपेक्षा जोरात सायकल चालवतात. डॉक्टरांच्या मते ही गोष्ट त्यांच्या चांगल्या टायरमुळे घडते. माझं रंगाचं दुकान. चौथे नाना देवरे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, गुडघ्यांना पट्टे बांधून येणारे आणि आजवर एकाही शर्यतीची शेवटची रेषा न पाहिलेले.

याला नानांचा गुडघा जबाबदार नव्हता, आमची पद्धत जबाबदार होती. सायकलच्या शर्यतीत पुढचा माणूस वारा अंगावर घेतो आणि मागचे त्याच्या आडोशाने आरामात चालवतात. चौघांपैकी तिघे पोचले की संघ पोचला असं धरतात. तेव्हा एकाला निम्म्या वाटेपर्यंत पुढे जुंपायचं, तो दमला की सोडून द्यायचं आणि मागून येणाऱ्या टेम्पोत त्याने बसायचं. आमच्यात हा मान दर वेळी नानांचा. शर्यत संपली की आम्ही तिघे फुगवलेल्या कमानीखाली फोटो काढायचो. नाना टेम्पोतून उतरेपर्यंत कमानीतली हवा गेलेली असायची. फोटो नानांच्या घरी गेला की नानी विचारायच्या, "तुम्ही गेला होतात ना नक्की?"

यंदा मात्र बाका प्रसंग होता. पन्नाशीपुढच्या गटात तीनच संघांनी नावं दिली होती आणि चषकही तीनच होते. म्हणजे आमचे तिघे धडपणे पोचले की चषक आमचा. डॉक्टरांनी दवाखान्यातल्या कपाटाचा एक कप्पा आधीच रिकामा केला होता.

पालघरला पोचल्यावर एका वाडवळ (किनाऱ्यावर बागायत करणारा समाज) बाईंच्या खानावळीत गेलो. थंडीचे दिवस, म्हणून उकडहंडी होती (कंद, शेंगा, वांगी हंडीत घालून शिजवलेली भाजी). सोबत तांदळाची भाकरी. नानांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. डॉक्टरांनी डब्यातून भिजवलेले ओट्स काढले.

"डाक्टर आजारी हायत काय?" बाईंनी मला हळूच विचारलं.

"नाही, उद्या शर्यत आहे त्यांची."

"मंग तर जेवायला पायजे!" त्या म्हणाल्या आणि त्यांनी डॉक्टरांच्या ओट्सवर पळीभर उकडहंडी वाढली. डॉक्टरांनी ती बाजूला सारली, पण बोटं चाटताना मी त्यांना पाहिलं.

लॉजवरच्या आमच्या खोलीत विजेचं एकच भोक चालू होतं. डॉक्टरांचं घड्याळ, फोन, सायकलवरचा छोटा संगणक, दिवा आणि मांड्या रगडण्याचं यंत्र अशी रांग लागली. त्यांच्या सायकलचे गिअरही बॅटरीवर चालतात. रांगेत त्या बॅटरीचा नंबर शेवटचा होता, आणि रगडण्याचं यंत्र काही लवकर भरेना.

मग डॉक्टरांनी डावपेच समजावला. "नाना, तुम्ही दातिवऱ्यापर्यंत आणि परत पालघरपर्यंत वारा फोडायचा. नंतर टेम्पोत बसा, मोकळे व्हा. पुढे बोईसर, तारापूर, चिंचणी आम्ही तिघे बघतो. आणि ती घंटी काढा, उगाच वजन."

नानांनी निमूटपणे घंटी काढली आणि खिशात टाकली. वजन जिथल्या तिथेच राहिलं. दिवा मालवताना ते एवढंच म्हणाले, "हिला एकदा कमानीखालचा माझा फोटो दाखवायचा होता. पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन आहे, मग सायकल बंद." मला कसंसंच झालं. पण चषकही मला हवाच होता.

सकाळी आयोजक पोराने भोंग्यावरून सूचना दिल्या. शेवटची रेषा चिंचणीच्या मैदानावर. अकरानंतर ते मैदान क्रिकेटवाल्यांचं. "कमान आपली हाय, पन ती फुगवणारा जनरेटर त्यांचा हाय. तवा वेळेत या."

सुटलो. पुढच्याने रस्त्यातला खड्डा मागच्यांना हाताने दाखवायचा असतो. पालघर सोडल्यापासून नानांचा हात हँडलवर टेकलाच नाही. शेवटी डॉक्टर ओरडले, "नाना, खड्डा नसेल तिथेच दाखवा!" त्यानंतर नानांचे दोन्ही हात हँडलवरच राहिले.

दातिवरे फार सुंदर आहे. खाडीवर कोवळं ऊन, बांबूच्या आडव्या काठ्यांवर तोंडात तोंड अडकवून वाळत घातलेले बोंबील, पलीकडे ओढून ठेवलेल्या होड्या. डॉक्टर मान खाली घालून संगणकाकडे बघत होते. त्यांना दातिवऱ्याचा चढउतार तेवढा ठाऊक आहे. वळसा घ्यायच्या जागी एक कोळीण पाटी घेऊन उभी होती.

"कुटं आग लागली हाय काय?"

"नाय मावशी, शर्यत हाय," मीही तिच्याच भाषेत सांगितलं.

"पयला कोन?"

"तो मगाशीच गेला."

"मंग तुमी कशाला पलता?" तिने पाटी डोक्यावर घेतली आणि ती चालू लागली. या प्रश्नावर मी पुढचं गाव येईपर्यंत विचार केला.

पालघरला परत आलो तेव्हा नानांचं तोंड पांढरं पडलं होतं. डॉक्टरांनी बरोबरीला येऊन कोपर हलवलं, म्हणजे बाजूला व्हा. नाना झाले. आम्ही तिघे त्यांच्या शेजारून पुढे सटकलो. मी मागे वळून पाहिलं तर टेम्पो त्यांच्या बाजूला आला होता, ड्रायव्हर दार उघडून "बसा बाबा, बसा" म्हणत होता आणि नाना मान हलवत होते. हो म्हणत होते की नाही, ते कळलं नाही.

बोईसरला हवेत कंपन्यांचा वास आला. डॉक्टरांनी शिकवलेला दीर्घ श्वास मी अर्ध्यावरच आवरता घेतला. रेल्वेच्या पुलाचा चढ लागला आणि डॉक्टरांच्या सायकलने बीप करून मान टाकली. गिअरची बॅटरी संपली होती. सायकल अडकली ती सर्वांत जड गिअरवर. त्या गिअरवर बोईसरचा पूल चढायला बैल लागला असता. डॉक्टर उतरले. पण त्यांच्या बुटांना खाली पॅडलमध्ये अडकवायचे खिळे होते, त्यामुळे चालताही येईना. दोन पावलं टाकली की एक पाय घसरायचा.

"रात्री चार्ज केली नव्हती?" वर्षाताईंनी विचारलं.

"मांड्यांचं यंत्र लावलं होतं," डॉक्टर खाली बघत म्हणाले.

आम्ही तिघे पुलावर उभे राहिलो. दोघांना चषक नसतो. सगळं आता मागे सोडलेल्या माणसावर होतं, आणि तो टेम्पोत बसला असेल तर खेळ खलास. खालून टेम्पो येताना दिसला आणि आत कोण बसलंय ते मी बघायला लागलो. मग दिसलं, टेम्पो बैलगाडीच्या वेगाने येतो आहे आणि त्याच्या पुढे, हँडलवर ओणवे झालेले, नाना.

"तुम्ही बसला नाहीत?" डॉक्टर किंचाळले.

"बसायचं राहून गेलं," नाना धापा टाकत म्हणाले.

डॉक्टर टेम्पोत चढले. नियमाप्रमाणे ते शर्यतीतून बाद झाले, पण कॅप्टनपदावरून नाही. तिथून चिंचणीपर्यंत ते ड्रायव्हरशेजारी बसून खिडकीतून सल्ले देत होते. वर्षाताई त्यांच्याकडे न बघता नानांना म्हणाल्या, "आता तुम्ही मागे या. वारा आम्ही खातो." आयुष्यात पहिल्यांदा नाना आडोशाला आले.

एमआयडीसीत नेमकी पाळी सुटली होती. शेकडो कामगार डबे लटकवलेल्या सायकलींवरून रस्ताभर पसरले होते. आमच्या सायकलींना घंट्या नाहीत. वर्षाताई ओरडून थकल्या. तेव्हा नानांनी खिशातून घंटी काढली आणि एका हाताने ती वाजवत राहिले. गर्दी दुभंगली. एक तरुण माझ्या बाजूने चालवत पाठीवरची दाढ निरखत होता.

"अंकल, ये दाँतवाली कंपनी किधर है? भर्ती चालू है क्या?"

"पीछे टेम्पो में साहब बैठे हैं," मी म्हटलं, "उनसे पूछो." तो खरंच मागे गेला.

तारापूर ओलांडलं. समुद्राचा खारा वारा समोरून आला आणि नानांचं पाऊल जड झालं. मी त्यांच्या पाठीवरच्या दाढेवर हात ठेवून ढकलत होतो. नियमात बसतं की नाही, हे मी आजतागायत कुणाला विचारलेलं नाही. अकरा वाजून गेले होते. सुरूच्या झाडांमधून मैदान दिसलं, भोंग्यावर क्रिकेटचा समालोचक गरजत होता आणि कमान दिसत नव्हती. ती मैदानाच्या कडेला जमिनीवर पडली होती. जनरेटर समालोचकाच्या भोंग्याला जोडला होता.

नानांनी ती पाहिली. पाय थांबले नाहीत, पण मान खाली गेली. मला रडू आलं, हे सरळच सांगतो.

तेवढ्यात भोंगा म्हणाला, "मंडली, थांबा! सुरूच्या एन्डकडनं तीन सायकली येतायत! पाठीवर दात हाय! मागच्या बाबांचं वय बगा, गुडघ्याला पट्टे हायत, तरी नाबाद! अरे बगता काय, कमान उचला!"

खेळ थांबला. दोन्ही संघांतले गडी धावले. कुणी मंडपाचे बांबू आणले, कुणी स्टंप उपटले, कुणी नुसतेच हात वर केले. ते लोंबतं रंगीत कापड बावीस-पंचवीस जणांनी माणूसभर उंच धरलं. वर्षाताई आणि मी बाजूला झालो. नाना वाकून, पण सायकलवर बसूनच खालून गेले, मागोमाग आम्ही दोघे. भोंग्यावर षटकाराला वाजतं ते संगीत वाजलं.

आयोजक म्हणाला की वेळ मोजायची पट्टी गुंडाळून झाली आहे, त्यामुळे हा संघ धरता येणार नाही. पण समालोचकाने तोवर तीनदा पुकारलं होतं, "तिसरा नंबर, दातवाले!" आणि टाळ्या पडल्या होत्या. एवढ्या लोकांसमोर भोंग्याला खोटं पाडायची आयोजकाची छाती झाली नाही. चषक मिळाला. तो घ्यायला डॉक्टर सर्वांत पुढे होते.

परतताना जव्हारच्या घाटात पुन्हा थंडी वाजली. डॉक्टर चषक मांडीवर घेऊन, पुढच्या वर्षी दोन बॅटऱ्या कशा आणायच्या, हे सांगत होते. वर्षाताईंनी जीप थांबवली, टपावर चढल्या आणि डॉक्टरांच्या सायकलवरची गोधडी काढून झोपलेल्या नानांवर घातली. डॉक्टरांनी टपाकडे एकदा पाहिलं आणि ते पुन्हा बॅटऱ्यांवर आले. आम्ही दरवर्षी इतक्या लांब जातो आणि दुसऱ्याच्या पाठीमागे राहून पुढे कसं जायचं तेवढंच शिकून येतो, असं मला त्या वळणावर वाटलं.

नाशिकला नानांना घरी सोडलं. नानी दारातच होत्या. टेम्पोच्या ड्रायव्हरने काढलेला कमानीखालचा फोटो मी त्यांना फोनवर दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"ही कमान होय? मला वाटलं होतं, आपली आपण उभी राहते."

"राहते, नानी."

"मग एवढी माणसं का धरून उभी आहेत?"

"नाना यायचे होते ना," मी म्हटलं.