बोराएवढी गाठ

दुपारी दोन ते चार कमलाकर झोपत नसे. तो विचार करत असे. खुर्ची भिंतीला टेकवलेली, पाय लसीच्या रिकाम्या थर्माकोलच्या डब्यावर, डोळे मिटलेले आणि तोंड किंचित उघडं. विचार फार खोल गेला की घोरण्यासारखा आवाज येई, एवढंच. आर्णीच्या पुढे, दिग्रस रोडवरच्या त्या गावातल्या गुरांच्या दवाखान्यात तो एकोणतीस वर्षं पट्टीबंधक होता. एवढ्या काळात पाच डॉक्टर आले नि गेले, पण त्याचा विचार एकानंही मोडला नाही.

या विचारांत जनावरं येत. कडुनिंबाच्या सावलीतून, रांगेनं, पाय जमिनीला न लावता. विकलेली, मेलेली, कुणाच्या लग्नात आंदण गेलेली, सगळी. गळ्यातल्या घंटा हलत, पण वाजत नसत. कमलाकर एकेकीच्या अंगावरून हात फिरवी आणि मनातल्या मनात नोंद करी.

नोंद करायची खोड त्याला जागेपणीही होती. पट्टीबंधकाचं काम म्हणजे जखम धुणं, औषध लावणं, पट्टी बांधणं. लिहायचं काम डॉक्टरचं. पण दोन हजार बावीसला लम्पीची साथ आली, गुरांच्या अंगावर गाठी उठू लागल्या, तेव्हा त्यानं दवाखान्याच्या रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानांवर आपलं आपण लिहायला घेतलं. ‘हंसाबाईची चांदी, मानेवर तीन गाठी, हरभऱ्याएवढ्या. आठव्या दिवशी बोराएवढ्या. एक फुटली.’ तूर, हरभरा, बोर, सुपारी, लिंबू अशी त्याची मापं. पुसदपासून वणीपर्यंत कुणालाही विचारा, ही मापं समजावून सांगावी लागत नाहीत.

त्यात त्याची स्वतःची मोगरीही होती. दुधाला बेताची, स्वभावानं मानी, अंगणातून जाताना कमलाकरच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढणारी. तेवीसच्या मार्चमध्ये तिला गाठी आल्या. तिची नोंद त्यानं दिवसातून दोनदा केली. तेविसाव्या दिवशी नोंद थांबली. त्या ओळीखाली त्यानं काही लिहिलं नाही, रेघही ओढली नाही.

सहावी डॉक्टर म्हणून भैरवी मॅडम आल्या. यवतमाळच्या. वडील कचेरीत, आई शाळेत. घरात गाय होती ती कॅलेंडरवर. एकदा कोरं पान शोधताना त्यांनी रजिस्टर उलटं उघडलं.

“काका, हे कोणी लिहिलं?”

कमलाकर विचारातून दचकून उठला. “चुकलं मॅडम. पानं कोरी होती म्हून... सरकारी कागद हाय, मले ठाऊक हाय.”

“चुकलं काय! एकशे अठ्ठ्याऐंशी जनावरं आहेत यात. रोजच्या रोज! काका, असा डेटा मोठमोठ्या कॉलेजांकडे नसेल.”

डेटा म्हणजे काय ते कमलाकरनं विचारलं नाही. मॅडमचा चेहरा पाहून ती चीज चांगली असावी, असं त्यानं धरून घेतलं.

मग मॅडमनी लेख लिहिला. गाठ पहिल्या आठवड्यात केवढी झाली की फुटते आणि फुटल्यावर जखम भरायला किती दिवस लागतात, असा साधा सवाल. लेखकांत दुसरं नाव कमलाकरचं. पशुवैद्यकाच्या एका जर्नलला पाठवण्याआधी त्याला एक फॉर्म भरायचा होता. मॅडम वाचून दाखवत होत्या. “या संशोधनात तुमचा काही हितसंबंध आहे का?”

“हाय ना.”

“काय?”

“मोगरी.”

मॅडम हसल्या. “ते औषध कंपन्या वगैरेंबद्दल असतं, काका.” आणि त्यांनी ‘नाही’वर खूण केली. कमलाकरला ते पटलं नाही. त्याचा सगळा हितसंबंध तीच होती. कधीतरी छापलेल्या तक्त्यात मोगरीची ओळ असेल, जगात कुठंतरी कुणी शहाणा माणूस तिच्यावरून बोट फिरवील, एवढ्यासाठी तर तो सह्या करत सुटला होता.

जर्नलची रीत अशी की लेख आला की तो दोन अनोळखी जाणकारांकडे जातो. त्यांना तुमचं नाव कळत नाही, तुम्हाला त्यांचं. मध्ये जणू आंतरपाट धरलेला. चार महिन्यांनी, ऐन जानेवारीत, पलीकडून अक्षता पडल्या. पहिल्या जाणकारानं दोन स्वल्पविराम मागितले. दुसऱ्यानं लिहिलं, ‘गाठींची मापे धान्यात व फळांत दिली आहेत, ती मिलिमीटरमध्ये हवीत. शिवाय बोराएवढ्या काही जखमा बारा दिवसांत भरल्या, काही चाळीस दिवसांत. याचा खुलासा करावा, अन्यथा लेख स्वीकारता येणार नाही. मुदत तीस दिवस.’

“या मानसाले बोर ठाऊक नाही?” कमलाकर चकित झाला.

“तो तुर्कस्तानात बसला असेल, काका.”

“तठी बोरं नाही होत?”

पण उपाय होता. शाळेतून व्हर्नियर कॅलिपर मागून आणला आणि कमलाकर घरी मापायला बसला. शंभर दाणे तुरीचे, शंभर हरभऱ्याचे. चष्मा नाकावर, जीभ ओठांत. बायको कोकिळा सूप घेऊन उभी.

“अजी, हे काय करून राह्यले तुमी? मले वरन लावाचं हाय, न तुमी एकेका दान्याचं माप घेऊन राह्यले. शेरवानी शिवता काय तुरीले?”

“जगात छापून येनार हाय हे.”

“मंग जगालेच जेवाले बोलवा. मायी तूर द्या इकडं.”

सुपाऱ्या झाल्या. सरासरी चोवीस मिलिमीटर. मग कोकिळेनं आर्णीच्या बाजारातून आणलेली बोरं पुढ्यात घेतली. हिरवी, गुळगुळीत, सफरचंदासारखी. पहिलंच बोर एक्केचाळीस भरलं. दुसरं एकोणचाळीस. कमलाकर थांबला. बोर सुपारीपेक्षा मोठं कसं?

दुसऱ्या दिवशी दुपारी तो विचार करायला बसला. रांग आली. सगळ्यांत पुढे चांदी. तिच्या मानेवर गाठीच्या जागी बोर पिकलं होतं, लालसर, नखाएवढं, दवाखान्याच्या फाटकाजवळच्या जुन्या झाडाचं. मागची गाय आली, तिच्या मानेवर बाजारातलं हिरवं बोर. त्या दोघींच्या मधे मोगरी उभी. तिच्या मानेवरचं बोर मात्र जवळ जावं तसं लहान होई आणि मागं सरावं तसं मोठं. कमलाकरनं हात पुढे केला. मोगरीनं नेहमीप्रमाणे दुपट्टा ओढला आणि तो जागा झाला.

त्यानं रजिस्टर काढलं. बावीस सालची नोंद: ‘बोराएवढी होती, वाढून सुपारीएवढी झाली.’ तेवीसच्या ऑगस्टची: ‘सुपारीएवढी होती, वाढून बोराएवढी झाली.’

तेवीसच्या जानेवारीत दवाखान्याला कुंपण घातलं तेव्हा फाटकाजवळची जुनी बोरी तोडली होती. वीसेक वर्षं जाता-येता तिची गावठी बोरं तोंडात टाकणारा कमलाकर मग कोकिळेच्या पिशवीतली बाजारची खाऊ लागला. झाड गेलं तसं त्याच्या डोळ्यांतलं मापही बदललं, आणि लिहिणाऱ्या हाताला पत्ता लागला नाही.

मॅडमना यातलं काही दिसलं नव्हतं. त्यांना बोर म्हणजे बोर. मुदतीचे नऊ दिवस उरले होते. गप्प बसलं असतं तर? तुर्कस्तानला काय कळणार होतं! कमलाकर रजिस्टर काखेत मारून मॅडमच्या टेबलापुढे उभा राहिला.

“मॅडम, माया डोयानं दगा देला.”

सगळं ऐकून मॅडम आधी डोकं धरून बसल्या. मग लॅपटॉप ओढला. बांधावरच्या गावठी बोरांचं माप आलं पंधरा मिलिमीटर. आकडे दोन ढिगांत वेगळे केले, तशी त्यांची मान हळूहळू वर आली. “काका! बारा दिवसांत भरल्या त्या सगळ्या गावठी बोराच्या. चाळीसवाल्या बाजारच्या. त्याच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे!”

कमलाकरच्या छातीवरचं ओझं उतरतंय, तोच त्या थांबल्या.

“पण मधलं काय? झाड जानेवारीत तुटलं. ऑगस्टपासून माप नक्की मोठं आहे. या मधल्या महिन्यांत सतरा जनावरं आहेत. त्यांचं बोर कोणतं?”

कमलाकरला पान पाहायची गरज नव्हती. सतरांत मोगरी होती.

मॅडमनीही नाव वाचलं असावं. त्यांनी लॅपटॉप बाजूला सारला. “तुमच्या घरची गाय आहे, काका. रोज हात लावलाय तुम्ही. तुम्हाला आठवत असेल तर सांगा, मी ठेवते.”

बाहेर कुणाची तरी म्हैस रेकली. कमलाकरनं डावा हात उघडला. याच हातानं गाठ चाचपली होती. तळहाताला उष्णता आठवत होती, केस आठवत होते, तिचं कातडं थरथरायचं तेही आठवत होतं. गाठीचा आकार तेवढा पाण्यातल्या चंद्रासारखा हलत होता. पंधरा म्हटलं तर पंधरा. एक्केचाळीस म्हटलं तर एक्केचाळीस.

“नाही आठवत जी,” तो म्हणाला. “काढून टाका.”

लेख पावसाळ्यात छापून आला. त्यानंतर कमलाकरच्या मोबाइलवर पत्रं येऊ लागली. ‘आदरणीय प्राध्यापक डॉ. कमलाकर, आमच्या दंतवैद्यक परिषदेचे अध्यक्षपद स्वीकारावे.’ मॅडम म्हणाल्या, असली पत्रं छापून आलेल्या प्रत्येकाला येतात, उघडू नका. कोकिळेनं मात्र एक वाचून घेतलं आणि आठवडाभर त्याला ‘प्राध्यापक, पानी भरा’ म्हणून हाका मारल्या.

छापील प्रतीत हंसाबाईनं कमलाकरकडून आपली चांदी शोधून घेतली. एकशे एकाहत्तर ओळींत तिचा नंबर होता. “माही चांदी परदेशात गेली नं भाऊ,” ती म्हणाली. “तुयी मोगरी कोठी हाय?”

“हाय,” कमलाकर म्हणाला, आणि तक्त्याच्या वरचं एक इंग्रजी वाक्य त्यानं बोटानं दाखवलं. हंसाबाईला ते वाचता येत नव्हतं. त्यालाही येत नव्हतं, पण मॅडमनी अर्थ सांगितला होता. ‘माप निश्चित न झाल्याने सतरा जनावरे वगळली.’

हंसाबाई गेली. दोन वाजून गेले होते. त्यानं खुर्ची भिंतीला टेकवली, पाय डब्यावर ठेवले. सावलीतून रांग निघाली, एकशे एकाहत्तर, ज्याच्या त्याच्या नंबरानं. रांगेच्या बाहेर, पाडलेल्या बोरीच्या जागेवर, सोळाजणी चरत होत्या. सतरावी सरळ त्याच्या खुर्चीकडे येत होती. कमलाकरनं दुपट्ट्याचं टोक हळूच खांद्यावरून खाली सोडलं.