वेणीला लागू न दिलेली माती
भादव्यातल्या पोळ्याला बाजारात मातीचे बैल दिसले, की मला येडगावची बालवाडी आठवते. लेक चार वर्षांची होती. मी कांदे खुरपायला जायचे, तिला डोक्यावरून न्हाऊ घालायला रविवारशिवाय सवड नसायची. म्हणून रोज सकाळी तिच्या दोन्ही वेण्या करकचून वर बांधायचे, त्यावर जुन्या लुगड्याचं फडकं गुंडाळायचे आणि दम भरायचे, "वेणीला चिखल लागला तर बघ!" पोळ्याच्या आदल्या दिवशी तिला घ्यायला गेले, तर उंबऱ्यावर पोरांनी केलेले बैल वाळत होते, वाकड्या शिंगांचे, तीन पायांचे. घरी पुजायला प्रत्येकानं आपापला न्यायचा होता. आमची कोपऱ्यात हात मांडीखाली दाबून बसलेली. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "लई सांगितलं, पण मातीला हातच लावंना." लेक धावत आली, फडकं ओढून म्हणाली, "बघ आई, न्हाई लागू दिली." मी वेण्या चाचपल्या आणि शाबास म्हणाले. शाबास! पोळ्याला बैल विकतचा आणला. आता तिनं स्वतःच्या मुलीचे केस कानापर्यंत कापलेत. मी हळहळले, तर मान वर न करता म्हणाली, "तिला मातीत खेळायचं असतं, आई."